जिथे हाड टेकतं: बेडसोअर कुठे होतो आणि तिथेच का

फरशीवर उताणे पडा. खाली गादी नको, सतरंजी नको, डोक्याखाली उशीही नको. हात अंगालगत, पाय सरळ. आता काही न हलवता एवढंच बघा, की आपण जमिनीला नेमके कुठे कुठे टेकलो आहोत.

कमर टेकत नाही, तिच्याखालून हात आरपार जातो. मान टेकत नाही. गुडघ्यांची मागची बाजू टेकत नाही. पोटऱ्या आणि कुल्ले टेकतात, पण तिथे मांस आहे, ते दबून पसरतं. खरं बोचतं ते मोजक्या ठिकाणी: डोक्याचा मागचा उंचवटा, खांद्याची दोन पाती, कोपरं, कमरेच्या खालचं चपटं हाड आणि टाचा. तुम्ही बारीक अंगाचे असाल तर मणक्यांची टोकंसुद्धा एकेक करून मोजता येतील.

काही मिनिटांतच टाचा हुळहुळायला लागतात आणि तुमच्या नकळत पाय थोडा सरकतो. मग खांदा. मग कंबर. ही चुळबुळ आपण दिवसभर करतो आणि रात्री झोपेतही करतो. त्यासाठी जागं व्हावं लागत नाही, म्हणून सकाळी ती आठवतही नाही. दाब वाढला, टोचलं, मेंदूला कळलं, अंग हललं, दबलेल्या जागी रक्त परत आलं. इतकी साधी साखळी.

तिची एखादी कडी निखळली की बेडसोअरला वाट मोकळी होते. पक्षाघात झालेल्या माणसाला हलता येत नाही. मणक्याला इजा झालेल्याला टोचल्याचंच कळत नाही. बेशुद्ध रुग्णाला दोन्ही नाही. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला हलता येतं, कळतंही, पण हललं की जीवघेणी कळ येते म्हणून तो निपचित पडून राहतो. आणि स्मृतिभ्रंशाच्या पुढच्या टप्प्यात सगळं शाबूत असूनही हलायचं असतं हेच सुचत नाही.

नाव जरा फसवं आहे

बेडसोअर म्हणजे ‘बेड’मुळे झालेली जखम, असं शब्दावरून वाटतं. डॉक्टर मंडळींचा जुना शब्द ‘डेक्युबिटस अल्सर’ हाही तसाच. तो ‘आडवं होणं’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला आहे. पण दिवसभर खुर्चीत बसून राहणाऱ्यालाही ही जखम होते, आणि नाकावर करकचून बसवलेल्या ऑक्सिजनच्या मास्कखालीही होते. तिथे बेडचा काय संबंध? शिवाय सुरुवातीला कातडी फुटलेलीही नसते, त्यामुळे तिला व्रण म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. म्हणूनच २०१६ साली अमेरिकेतल्या या विषयावरच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने ‘प्रेशर अल्सर’ हा शब्द बाजूला ठेवून ‘प्रेशर इंज्युरी’, म्हणजे दाबामुळे झालेली इजा, असा शब्द घेतला. मी इथे बेडसोअरच म्हणणार आहे, कारण घराघरांत तोच शब्द चालतो. पण मनात ‘दाबाची इजा’ असू द्या. जागा ओळखायला तोच अर्थ कामाचा आहे.

आत काय होतं

बोटाचं नख दाबून बघा. गुलाबी रंग जाऊन पांढरं होतं, सोडलं की रंग परत येतो. दाबल्यावर तिथल्या केशवाहिन्या मिटल्या, एवढाच त्याचा अर्थ. यूजीन लँडिस या संशोधकाने १९३० साली नखाजवळच्या या बारीक वाहिन्यांमधला दाब मोजला. रक्त ज्या टोकाने आत शिरतं तिथे तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा भरला. तेव्हापासून ‘बत्तीसच्या वर दाब गेला की रक्त थांबतं’ असं बरीच वर्षं पाठ केलं जात होतं. हा आकडा लक्ष्मणरेषा मानू नये. तो निरोगी माणसांच्या बोटाचा आहे, खंगलेल्या माणसाच्या कमरेचा नव्हे. रक्तदाब कमी असलेल्याला त्याहून कमी दाबही भारी पडतो. पण अंदाज यायला तो पुरेसा आहे. कडक बाकावर बसल्यावर बैठकीच्या हाडांखाली दाब शंभराच्या पुढे सहज जातो. आपण तिथे तासन्‌तास टिकतो ते केवळ चुळबुळीच्या जोरावर.

दुसरी गोष्ट लोकांना सहसा माहीत नसते. दाब सगळ्यात जास्त कातडीवर नसतो, आत हाडाला लागून असतो. हाडाचं टोक लहान आणि कठीण, बाहेरची गादी पसरट. दोन्हींच्या मध्ये चेंगरतं ते मांस आणि चरबी. त्यातही स्नायूला रक्त सतत आणि भरपूर लागतं, कातडी त्या मानाने चिवट. म्हणजे पुष्कळदा आधी मरतो तो आतला स्नायू आणि कातडीला खबर लागते सर्वांत शेवटी. वाळवी लागलेल्या दाराचा रंग जसा शाबूत असतो आणि एक दिवस बोट लावलं की आत जातं, तसं. अशी खोलवरची इजा घडल्यावर बाहेर जांभळट डाग दिसायला दोन-तीन दिवसही लागतात. नातेवाईक म्हणतात, ‘कालपर्यंत काहीच नव्हतं, एका रात्रीत कसं झालं?’ एका रात्रीत झालेलं नसतं. दिसलेलं असतं.

त्यामुळे कुठे होईल हे ओळखायला यादी पाठ करावी लागत नाही. माणूस कसा पडला आहे किंवा बसला आहे ते बघायचं, आणि कुठलं हाड कशावर टेकलंय ते शोधायचं. स्थिती बदलली की नकाशा बदलतो.

उताणं: कमरेखालचं हाड

सर्वांत जास्त बेडसोअर होतात ते दोन जागी, कमरेखालच्या हाडावर आणि टाचेवर.

पाठीचा कणा जिथे संपत येतो तिथे एक चपटं, त्रिकोणी हाड आहे. त्याला त्रिकास्थि म्हणतात आणि त्याच्या टोकाला माकडहाड. दोन्ही कुल्ल्यांच्या फटीच्या वरच्या टोकाला बोट ठेवलंत तर ते लगेच लागतं, कारण तिथे कातडी आणि हाड यांच्यामध्ये फारसं काही नाहीच. उताण्या माणसाच्या धडाचा मोठा भार इथे येतो. पण एवढ्यावर ही जागा पहिल्या नंबरला आली नसती. तिच्यावर आणखी दोन संकटं येतात.

एक म्हणजे घसरण. रुग्णाला जेवायला म्हणून, खोकला येतो म्हणून, किंवा नुसतं बरं वाटावं म्हणून पलंगाचं डोकं वर करून अर्धवट बसवतात. मग तो हळूहळू पायथ्याकडे सरकत जातो. कातडी चादरीला चिकटून जागच्या जागी राहते आणि आतलं हाड खाली घसरतं. उशीचा अभ्रा घट्ट धरून आतली उशी ओढावी तसं. कातडी आणि हाड यांच्यामधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात, पिळवटतात, कधी तुटतात. नुसत्या दाबाने जे व्हायला वेळ लागला असता ते या ओढाताणीत लवकर होतं. म्हणून अडचण नसेल तेव्हा डोक्याकडची बाजू तीस अंशांपेक्षा वर ठेवू नये असं सांगतात. तीस अंश म्हणजे काटकोनाचा तिसरा हिस्सा. डोळ्यांना ते अगदीच कमी वाटतं. जेवणापुरतं जास्त वर केलं तर हरकत नाही, जेवण झालं की खाली आणायचं. डोकं वर करायच्या आधी गुडघ्याखाली आधार दिला तर घसरण बरीच आटोक्यात राहते.

दुसरं संकट ओलाव्याचं. लघवी, शौच, घाम हे सगळं नेमकं याच भागात साचतं. भिजून पांढुरकी झालेली कातडी किती लवकर सोलवटते, हे बराच वेळ पाण्यात हात घालून काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

इथे एक गल्लत नेहमी होते. डायपरच्या ओलाव्याने आलेली लाली आणि बेडसोअर एकाच परिसरात असतात, पण जागा निरखून पाहिली तर फरक कळतो. ओलाव्याची लाली पसरट असते, कडा अस्पष्ट, कुल्ल्यांच्या फटीत, जांघेत, घडीत. बेडसोअर हाडाच्या बरोबर वर असतो आणि त्याच्या कडा बहुधा स्पष्ट असतात. दोन्ही एकत्रही असू शकतात. ओलाव्याच्या लालीवर नुसतं मलम लावून कूस बदलायचं सोडून दिलं, आणि तो निघाला बेडसोअर, तर मधले चार दिवस फुकट जातात.

उताणं असताना याशिवाय खांद्याची पाती, कोपरं, मणक्यांची टोकं. पाठीला बाक आलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाकाचा सर्वांत वर आलेला मणका मुद्दाम बघावा.

टाच

टाचेबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा आम्ही घरातले सगळे तिच्या पाठीची डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यायचो. सकाळ-संध्याकाळ कुशीवर वळवून बघायचं, कोरडं करायचं, चादरीची एक सुरकुती राहू द्यायची नाही. पाठ शेवटपर्यंत चांगली राहिली. तिच्या लघवीची नळी बदलायला सिस्टर यायच्या. त्यांना आम्ही मोठ्या अभिमानाने पाठ दाखवली. त्या म्हणाल्या, ‘छान ठेवलीय. आता मोजे काढा.’ पाय गार पडतात म्हणून आजीला आम्ही जाड मोजे घातले होते. डावा मोजा निघाला आणि टाचेवर रुपयाएवढा, गडद जांभळा, रक्ताने भरलेला फोड. आजी म्हणाली, ‘मला तर काही दुखत नाही हो.’ वीस वर्षांच्या मधुमेहाने तिच्या पायांची संवेदना कधीच गेली होती.

टाच हे दाबासाठी जणू मुद्दाम घडवलेलं ठिकाण आहे. तळव्याच्या बाजूला तिला जाड गादी आहे, कारण चालताना भार तिथे येतो. पण उताणं झोपल्यावर टेकते ती टाचेची मागची बाजू. तिथे ती गादी नाही, स्नायू नाही, पातळ कातडी आणि लगेच हाड. अख्ख्या पायाचा भार त्या एवढ्याशा गोलाईवर. त्यात पाय हृदयापासून सर्वांत लांब. मधुमेह असेल, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील, तर मुळातच कमी येणारं रक्त थोड्या दाबानेही थांबतं.

उपाय मात्र सोपा आहे: टाच टेकूच द्यायची नाही. पोटरीखाली लांबीला उशी ठेवायची, गुडघा किंचित वाकलेला, आणि टाच उशीच्या कडेपलीकडे अधांतरी. उशी आडवी आणि घोट्याजवळ ठेवली तर सगळा भार टाचेच्या वरच्या शिरेवर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या जाड दोरीवर) येतो आणि तिथे नवी जखम होते. भार पूर्ण पोटरीवर वाटला गेला पाहिजे. बरोबर जमलंय का हे बघायला टाच आणि गादी यांच्यामधून कागदाचा एक कपटा सरकवून बघा. अडला तर टाच टेकते आहे. महागडी हवेची गादी घातली म्हणून टाचेकडे बघायचं सोडून देणारे खूप दिसतात. त्या गादीवरही टाच टेकलेलीच असते.

टाचेवर काळी, कोरडी, घट्ट चिकटलेली खपली असेल आणि आजूबाजूला लाली, सूज, पाणी काही नसेल, तर ती घरी सोलू नये. खाली काय चाललंय आणि पायाला रक्त किती पोहोचतंय हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय ते झाकण उघडण्यात शहाणपण नाही.

कुशीवर

उताणं नको म्हणून माणसाला पूर्ण कुशीवर केलं, म्हणजे एका खांद्यावर दुसरा खांदा असं काटकोनात, की सगळा भार खुब्याच्या बाहेर आलेल्या हाडावर येतो. मांडीच्या वरच्या टोकाला बाजूने हात ठेवलात तर हा उंचवटा लागतो. इथली जखम वरून लहान आणि आतून पोकळ निघते, असा अनुभव वारंवार येतो.

म्हणून कुशीवर म्हणजे अर्धवट कुशीवर. पाठीमागे उशी देऊन शरीर साधारण तीस अंश कलतं ठेवायचं. तसं केलं की भार खुब्यावरही येत नाही आणि कमरेखालच्या हाडावरही नाही, तो कुल्ल्याच्या मांसल भागावर जातो. ठेवल्यावर हात घालून खात्री करून घ्यावी: माकडहाड मोकळं आहे? खुबा मोकळा आहे?

पुढच्या जागा छोट्या, पण फसव्या. दोन्ही गुडघे एकमेकांवर घासतात तिथे आतल्या बाजूला. घोट्याचं बाहेरचं हाड. खालच्या बाजूचा खांदा. आणि कान. बाहेरच्या कानाला हाड नाही, पण कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक असा कठीण भाग, आहे आणि वर नुसती कातडी. डोक्याखाली दुमडलेला कान बराच वेळ तसाच राहिला तर तो काळा-निळा पडू शकतो. पायांच्या मध्ये उशी ठेवतात ती गुडघ्यांपुरती न ठेवता घोट्यांपर्यंत जाईल अशी ठेवावी.

बसलेल्या माणसाचं काय

‘आज खुर्चीत बसवलं होतं तीन तास’, हे घरात आनंदाने सांगितलं जातं, आणि आनंदाचं आहेही. फुप्फुसांना बरं, मनाला बरं. पण दाबाच्या हिशोबात बसणं हे झोपण्यापेक्षा कडक आहे. झोपल्यावर जो भार पाठभर पसरतो, तो बसल्यावर दोन लिंबाएवढ्या जागांवर येतो.

खात्री करायची तर कडक खुर्चीवर बसा आणि तळहात वर करून एका कुल्ल्याखाली घाला. मांसाच्या आत एक टणक गोटा हाताला रुतेल. ते बैठकीचं हाड. व्हीलचेअर वापरणाऱ्यांचे बेडसोअर बहुतेक इथेच होतात. पुढे घसरून, पाठीला बाक काढून बसलेल्या माणसाचा भार मात्र मागे माकडहाडावर जातो. कुठे जखम आहे ते पाहून माणूस कसा बसतो हे सांगता येतं, इतकं ते सरळ आहे. एकाच बाजूच्या बैठकीच्या हाडावर जखम असेल तर तो त्या बाजूला कलून बसत असणार. माकडहाडावर असेल तर घसरत असणार. मग उपाय मलमात नाही, खुर्चीच्या मापात आणि पाय टेकवायच्या पट्टीच्या उंचीत आहे.

ज्यांना जमतं त्यांनी दर पंधरा-वीस मिनिटांनी भार हलवावा: पुढे वाकून छाती मांड्यांकडे न्यावी, किंवा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलावं. हे एक-दोन मिनिटं टिकवावं. दोन्ही हातांवर क्षणभर उचलून परत बसणं दिसायला जोरदार, पण तेवढ्यात रक्त नीट परतत नाही. आणि ती मधे भोक असलेली, फुगवायची गोल रिंग घेऊ नका. भोकावर आलेली जागा मोकळी राहते हे खरं, पण रिंगेच्या कडेचा दाब गोलाकार पडतो आणि मधल्या भागाचंच रक्त तोडतो.

सुपरमॅनची भूमिका केलेला क्रिस्टोफर रीव्ह घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला होता. २००४ मध्ये तो गेला त्याआधी त्याच्यावर चिघळलेल्या बेडसोअरचे उपचार चालू होते. दिमतीला माणसं होती, पैसा होता, तरीही. बेडसोअर झाला म्हणजे घरच्यांनी हयगय केली, असं जे पटकन बोललं जातं, ते म्हणूनच मला पटत नाही. बरेच टाळता येतात, सगळे नाहीत.

पालथं आणि नळ्यांखाली

कोविडच्या काळात श्वास लागलेल्या रुग्णांना तासन्‌तास पालथं झोपवत होते. जीव त्याने वाचले, पण जखमांचा नकाशा एकदम उलटा झाला: कपाळ, गाल, हनुवटी, छाती, कमरेच्या पुढच्या हाडांचे कोपरे, गुडघे, पायाची बोटं.

हाड नसलेल्या जागीही बेडसोअर होतो, कारण कधी कधी कठीण वस्तू बाहेरून येते. मास्कची कड नाकाच्या दांडीवर. ऑक्सिजनच्या नळीचा फास कानामागे. घशात घातलेल्या नळीने ओठाच्या कोपऱ्यात. लघवीची नळी मांडीखाली दबून. मानेचा पट्टा हनुवटीखाली आणि डोक्यामागे. प्लास्टरच्या आत. घट्ट पायमोज्याची दुमडलेली कड. बोटाला लावलेली ऑक्सिजन मोजायची चिमटी. या जखमांचा आकार त्या वस्तूसारखाच असतो. कानामागे नळीच्या जाडीची चीर, मांडीवर सरळ रेघ. त्यामुळे चोर सापडायला वेळ लागत नाही, फक्त ती वस्तू उचलून खाली बघायला हवं. स्थूल माणसाच्या पोटाच्या किंवा मांडीच्या वळीत अशी नळी जाऊन रुतली तर वरून दिसतही नाही.

तान्ह्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड, म्हणून दवाखान्यात बराच काळ पडून असलेल्या बाळाच्या डोक्याची मागची बाजू आधी बघतात. मोठ्यांमध्ये ही जागा केसांखाली लपते. लांब केसांची गाठ किंवा क्लिप डोक्यामागे आली तर दाबाला आयतं कारण. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काहींच्या डोक्यामागे रुपयाएवढं टक्कल पडतं, त्यामागे कधी कधी तासन्‌तास एकाच जागी टेकलेलं डोकं असतं.

सावळ्या अंगावर लाल काय दिसणार?

बेडसोअर किती खोल गेला यावरून त्याच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीची खूण सगळीकडे ‘लालसर चट्टा’ अशी लिहिलेली असते. कसोटीही सोपी: चट्ट्यावर बोट तीन सेकंद दाबा, सोडा. पांढरं होऊन परत लाल झालं तर रक्त वाहतंय. लाल तसंच राहिलं तर इजा सुरू झाली आहे.

हे गोऱ्या कातडीचं वर्णन आहे. गडद रंगाच्या कातडीवर लाली दिसत नाही आणि दाबल्यावर पांढरं झालेलंही धड कळत नाही. म्हणून पहिली पायरी निसटते आणि जखम सापडते ती उघडी झाल्यावरच. अशा अंगावर डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवावा. हाताची मागची बाजू लावून बघा: ती जागा भोवतालापेक्षा गरम आहे का, किंवा उलट गार? कडक लागते का, की पिळलेल्या ओल्या स्पंजासारखी लिबलिबीत? रंग भोवतालापेक्षा गडद, जांभळट, चकाकणारा आहे का? तिथे हात लावला की माणूस तोंड वाकडं करतो का? आणि शंका आली तर दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. डावी टाच उजवीशी, डावा खुबा उजव्याशी.

पुढच्या पायऱ्या ओळखणं अवघड नाही. दुसरीत वरची कातडी जाते, फोड येतो किंवा उथळ, गुलाबी, ओली जखम दिसते. तिसरीत खड्डा पडून चरबी दिसते. चौथीत स्नायू, शीर किंवा हाड उघडं पडतं. जागेप्रमाणे खोलीही वेगळी भरते: नाकाच्या दांडीवर, कानावर, घोट्यावर चरबीच नाही, तिथे उथळ दिसणारी जखमही थेट कूर्चेपर्यंत किंवा हाडापर्यंत पोहोचलेली असू शकते.

लाल झालेल्या जागी जोरात चोळू नका. रक्त खेळेल म्हणून हे प्रेमाने केलं जातं, पण आत आधीच चेंगरलेल्या वाहिन्या त्याने आणखी फाटतात. स्पिरिट लावून कातडी ‘कडक’ करायचा जुना उपायही नको, ती फक्त कोरडी पडून तडकते.

दोन तासांचा नियम

दर दोन तासांनी कूस बदला, हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते रुळण्यामागे लुडविग गुटमन या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्याकडे आला, तेव्हा असे रुग्ण बेडसोअर आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने दगावणार हे जवळपास गृहीत धरलेलं असायचं. गुटमन यांनी रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णांना वळवायचा दंडक घातला आणि स्वतः फेऱ्या मारून तो पाळला जातोय का ते बघितलं. पॅरालिम्पिक स्पर्धांचे जनकही तेच.

तरी दोन तास हा सगळ्यांना एकच माप नाही. चांगल्या फोमच्या गादीवर, बऱ्या प्रकृतीच्या माणसाला कधी जास्त वेळ चालतो, आणि खंगलेल्या, ताप असलेल्या, रक्तदाब खाली गेलेल्या माणसाला दोन तासही जास्त होतात. उत्तर त्या माणसाच्या कातडीवरच असतं. कूस बदलल्यावर अर्ध्या तासाने जुनी जागा बघा. लाली अजून तशीच असेल तर वेळ कमी करा.

जखमेला वास येऊ लागला, पू दिसला, भोवताली लाली पसरत चालली, ताप आला, माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, किंवा जांभळा-काळा डाग दिसला, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवायचं. हाडापर्यंत गेलेला जंतुसंसर्ग रक्तात उतरायला वेळ लागत नाही.

बाकी रोजचं काम दहा मिनिटांचं आहे आणि अंग पुसताना उरकतं. उजेड भरपूर हवा, नसेल तर मोबाइलचा टॉर्च. संशयाच्या जागेचा फोटो काढून ठेवावा, रोज एकाच अंतरावरून. ‘कालपेक्षा वाढलंय का’ या प्रश्नाला आठवण नेहमी दगा देते. क्रम ठरलेला असला की काही सुटत नाही. आम्ही नंतर वरून खाली जायचो: केस बाजूला करून डोक्याची मागची बाजू, कानांच्या मागे, नळी असेल तर ती उचलून तिच्याखाली. खांदे, पाती, मणक्यांची रेघ, कोपरं. कुल्ल्यांची फट हाताने विलग करून माकडहाड. दोन्ही बैठकीची हाडं, दोन्ही खुबे. गुडघ्यांच्या आतल्या बाजू, घोटे. आणि मोजे काढून टाचा.